पोटाच्या जुन्या टाक्यांजवळ फुगवटा आलाय? ऑपरेशननंतरच्या हर्नियाचं काय करायचं आणि कधी करायचं

सीझर, गर्भपिशवीचं ऑपरेशन, अपेंडिक्स, फुटलेलं आतडं, बैलानं मारल्यावर झालेली जखम. कारण कोणतंही असो, पोट एकदा उघडलं गेलं आणि काही महिन्यांनी किंवा दोन-तीन वर्षांनी जुन्या व्रणाशेजारी फुगवटा दिसायला लागला, तर तो बहुतेक वेळा हर्निया असतो. उभं राहिलं, खोकललं की वर येतो, आडवं झालं की आत जातो. दुखत नाही म्हणून बाया तो लुगड्याच्या गाठीखाली झाकून वर्षानुवर्षं निंदण-वेचणीला जातात. विचारलं तर उत्तर ठरलेलं: "दुखत नाही ना बाई, मंग कायले दाखवाचं?"

सर्जरीच्या वॉर्डात काम करताना असे पेशंट सतत दिसतात. हर्नियाचं ऑपरेशन टिकणार की नाही, यातला मोठा भाग ऑपरेशनच्या टेबलावर ठरत नाही. आधीचे दोन महिने आणि नंतरचे तीन महिने घरात काय होतं, यावर तो ठरतो. म्हणून या लेखात ऑपरेशनपेक्षा घराबद्दल जास्त लिहिलं आहे.

हे होतं कशानं

पोटाच्या भिंतीत कातडी आणि चरबीच्या खाली स्नायू असतात आणि त्यांच्यावर एक पांढरा, चिवट पडदा असतो. आतड्यांचा सगळा भार हा पडदा पेलतो. सर्जन आत जाताना तो कापतो आणि बाहेर येताना शिवतो. वरचे टाके आठ-दहा दिवसांत निघतात, आणि घरातले धरून चालतात की जखम भरली. आतल्या पडद्याला दोन महिन्यांच्या सुमारास मूळ ताकदीच्या निम्म्याच्या आसपासच ताकद आलेली असते. पुढेही ती वाढत राहते, पण पहिल्यासारखी कधीच होत नाही. भरलेल्या पोत्याची शिवण एका जागी सुटली की दाणे तिथूनच बाहेर यायला लागतात, तसं आतडं किंवा आतली चरबी त्या कमजोर जागेतून कातडीखाली येते.

पोट मधोमध उभं चिरून केलेल्या मोठ्या ऑपरेशननंतर साधारण शंभरातल्या दहा ते वीस जणांना हा हर्निया होतो. सीझरच्या आडव्या चिऱ्यात तो बराच कमी होतो. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये मोठ्या छिद्राच्या जागी, विशेषतः बेंबीजवळ, होऊ शकतो. सगळ्यात जास्त धोका असतो जखमेत पू झाला असेल त्यांना. त्यानंतर लठ्ठपणा, शुगर, तंबाखू, जुना खोकला, शौचाला जोर करावा लागणं, म्हाताऱ्या माणसांत लघवी अडणं, अशक्तपणा आणि घाईत केलेलं इमर्जन्सी ऑपरेशन.

शिवण्याची पद्धतही महत्त्वाची असते. चिऱ्याच्या काठापासून सुमारे 5 मिलिमीटरवर आणि एकमेकांपासून तितक्याच अंतरावर बारीक टाके घातले तर हर्निया कमी होतात, हे नेदरलँड्समधल्या 2015 च्या एका मोठ्या चाचणीत दिसलं. एका वर्षानंतर मोठ्या टाक्यांच्या गटात 21 टक्के जणांना हर्निया झाला होता, बारीक टाक्यांच्या गटात 13 टक्के. तेव्हा सगळा दोष पेशंटच्या वागण्याचा नसतो. "तूच लवकर कामाले लागली" असं सुनेला ऐकवण्याआधी घरच्यांनी हे लक्षात घ्यावं.

आधी घरी नीट पाहा

आरशासमोर उभे राहा आणि व्रणाच्या दोन्ही बाजू पाहा. मग जोरात खोकला. नंतर उताणे झोपा, गुडघे सरळ ठेवा, हात न टेकता फक्त डोकं उचला आणि व्रणावरून बोटं फिरवा. हर्निया असेल तर बोटांखाली खड्डा लागतो आणि त्याची कड जाणवते. कड कुठून कुठवर आहे, दोन बोटं की तळहाताएवढी, हे डॉक्टरांना सांगता आलं तर उपयोग होतो.

बाळंतपणानंतर बेंबीच्या वरपासून खालपर्यंत मधोमध लांब उंचवटा दिसत असेल आणि कुठेही खड्ड्याची कड लागत नसेल, तर ते बहुधा दोन स्नायूंमधलं अंतर वाढलेलं असतं. तो हर्निया नाही आणि त्यात आतडं अडकत नाही. टाक्यांजवळचा घट्ट, खोकल्यावर न हलणारा लहान गोळा चरबीचा किंवा आत राहिलेल्या दोऱ्याभोवतीचा असू शकतो. पण हा निर्णय घरी करायचा नाही.

मालीश, बिब्बा, डागणं यातलं काहीही करू नका. भिंतीतलं भोक मालिशीनं मिटत नाही. भाजलेल्या कातडीत पू झाला तर ती बरी होईपर्यंत ऑपरेशन पुढे ढकलावं लागतं, आणि आतडं कातडीला लागून असेल तर इजाही होऊ शकते.

ही लक्षणं दिसली तर त्याच वेळी निघा

फुगवटा रोज आत जायचा, आज जात नाही. कडक झाला, हात लावू देत नाही. पोटात कळा येतात, उलट्या होतात, पोट फुगलं, गॅस सरत नाही, शौचाला होत नाही. फुगवट्यावरची कातडी लाल किंवा काळसर-जांभळी पडली, ताप आला.

यातली दोन-तीन लक्षणं एकत्र दिसली तर आतडं अडकलं असण्याची शक्यता आहे. अडकलेल्या आतड्याचा रक्तपुरवठा बंद पडला तर ते काही तासांत सडायला लागतं. सकाळपर्यंत थांबू नका. 108 ला फोन लावा आणि सांगताना "पोट दुखते" एवढंच सांगू नका. "जुन्या ऑपरेशनच्या जागी हर्निया आहे, तो अडकला, उलट्या होत आहेत" असं स्पष्ट सांगा. खायला-प्यायला काही देऊ नका, लिंबूपाणीही नको, कारण लगेच भूल द्यावी लागू शकते. कडक झालेला फुगवटा जोरानं आत ढकलू नका. गावातल्या डॉक्टरकडे दुखणं थांबवायचं इंजेक्शन घेऊन झोपू नका. कळ दबते, पण आत आतडं अडकलेलंच राहतं.

जमेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रातून आधी फोन करून विचारा की पुढच्या रुग्णालयात आत्ता सर्जन आणि भूलतज्ज्ञ हजर आहेत का. ग्रामीण रुग्णालयात जाऊन तिथून पुन्हा जिल्ह्याला पाठवलं जाण्यात अर्धी रात्र जाते. शुगरची किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती पिशवीत घ्या.

थोडं काम केलं की फुगवटा येतो, गुडघे दुमडून उताणं झोपलं की आपोआप आत जातो, दुखत नाही: ही इमर्जन्सी नाही. मात्र दाखवायला तेव्हाच जायचं, पुढच्या वर्षी नाही.

कुठे दाखवायचं

जनरल सर्जनला. उपजिल्हा रुग्णालयात किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी सर्जरीची ओपीडी असते. नागपूरचं मेडिकल आणि मेयो, सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय, सावंगी मेघे, यवतमाळ, अकोला, चंद्रपूर आणि गोंदियाची वैद्यकीय महाविद्यालयं, ही सगळी या कामाची ठिकाणं. लहान हर्निया तालुक्याच्या चांगल्या सर्जनकडेही होतो. भोक दहा सेंटिमीटरहून मोठं असेल, एकदा दुरुस्त होऊन पुन्हा आलं असेल किंवा भोक बुजवायला आधी बसवलेल्या जाळीत पू झाला असेल, तर थेट वैद्यकीय महाविद्यालय गाठा. अशा हर्नियात पोटाचे थर सोडवून पुन्हा जुळवावे लागतात, ते हात सगळीकडे नसतात.

जाताना पहिल्या ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड शोधून न्या. गहाळ झालं असेल तर त्या रुग्णालयात जाऊन नक्कल मागा. तपासण्यांमध्ये सोनोग्राफी होते. मोठ्या हर्नियात सीटी स्कॅन लागतो, कारण भोकाची रुंदी आणि आत नेमकं काय अडकलंय ते त्यात स्वच्छ दिसतं.

ऑपरेशन करायचं की थांबायचं

हर्निया औषधानं, व्यायामानं किंवा पट्ट्यानं बरा होत नाही. पट्टा बांधला की ओढ कमी वाटते, तेवढाच त्याचा उपयोग. तरी प्रत्येकाला लगेच ऑपरेशन लागतंच असं नाही. फुगवटा लहान, दुखत नाही, वय जास्त, हृदय किंवा फुप्फुसाचा आजार असेल तर लक्ष ठेवून थांबणं हाही रास्त निर्णय असतो. आणखी मूल हवं असेल आणि त्रास नसेल, तर बहुतेक सर्जन बाळंतपण होईपर्यंत थांबायला सांगतात. पण दुखतंय, वाढतोय, मधूनमधून अडकतोय, वरची कातडी पातळ झालीय, तर करून घ्यावं. भोक जितकं मोठं होईल तितकं ऑपरेशन अवघड होत जातं.

जाळीबद्दल गावात फार भीती आहे. जाळी बहुधा पॉलीप्रॉपिलीन या प्लास्टिकच्या धाग्यांची असते. शरीराचे धागे तिच्यात वाढतात आणि भिंत बळकट होते. ती आत सडत नाही, पण जखमेत पू झाला तर जाळीलाही होऊ शकतो. जाळीशिवाय नुसतं शिवलं तर काय होतं, याचं उत्तर नेदरलँड्समधल्याच एका जुन्या चाचणीत आहे: तीन वर्षांत नुसत्या टाक्यांच्या 43 टक्के आणि जाळीच्या 24 टक्के रुग्णांना हर्निया पुन्हा झाला; दहा वर्षांनी हे आकडे 63 आणि 32 झाले. म्हणजे जाळी हवीच, आणि जाळी घातली म्हणजे निश्चिंत झालो असंही नाही. इथेच तयारीचा प्रश्न येतो.

आधीचे दोन महिने

पहिलं काम खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं घोटलेलं मिश्रण, सोडणं. आपल्याकडे खर्रा म्हणजे व्यसन असं कुणी धरतच नाही, तो पाहुणचार असतो. पण निकोटिननं बारीक रक्तवाहिन्या आवळल्या जातात, जखमेला रक्त आणि ऑक्सिजन कमी पोचतो, आणि मग पू, आणि मग पुन्हा हर्निया. ऑपरेशनच्या आधी निदान चार आठवडे तोंडात तंबाखू जायला नको, विडी-सिगारेटही नको. बायांना "तंबाखू खाता का" विचारलं तर त्या "नाही" म्हणतात आणि खरंच तसं समजत असतात, कारण गुडाखू किंवा मशेरी दात घासायची गोष्ट झाली. तीही तंबाखूच आहे. डॉक्टरांना सांगा आणि बंद करा. आणि नातेवाइकांना हात जोडून विनंती आहे: ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी पेशंट तळमळतोय म्हणून खिशातली पन्नी काढून त्याच्या हातावर चिमूटभर ठेवू नका. हे वॉर्डात रोज होतं, आणि प्रेमापोटीच होतं.

खोकला दोन आठवड्यांहून जुना असेल तर आरोग्य केंद्रात बेडक्याची टीबीसाठी तपासणी मोफत होते, ती आधी करा. चुलीच्या धुरानं दमा झालेल्या बायांनी पंप नियमित घ्यावा. प्रत्येक खोकल्याचा धक्का ताज्या टाक्यांवर बसतो. बद्धकोष्ठ असेल तर इसबगोल, पाणी, पालेभाजी. म्हाताऱ्या माणसाला लघवीसाठी जोर करावा लागत असेल तर त्याचा इलाज हर्नियाच्या आधी.

शुगर असेल तर तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणी 8 च्या खाली आणायचा प्रयत्न करा. वजन फार असेल तर उतरवा. पाच-सात किलोनंही आतल्या दाबात फरक पडतो. पण आपल्या गावांत उलट परिस्थितीही तितकीच आहे, हाडं दिसणारी, रक्त कमी असलेली बाई. तिला लोहाच्या गोळ्या आणि ताटात रोज तुरीचं घट्ट वरण, उकडलेले चणे, दूध, चालत असतील तर अंडी हवीत. जखम प्रथिनांनी भरते. घरात सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं पातळ वरण तिच्या वाट्याला येत असेल, तर या दोन महिन्यांपुरतं तिचं ताट आधी वाढा.

पूर्व विदर्भातल्या कुटुंबांसाठी एक वेगळी सूचना. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर या पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बऱ्याच घरांत आहे. तपासणी झाली नसेल तर भुलेच्या आधी करून घ्या, कार्ड असेल तर दाखवा. सिकलसेलच्या रुग्णाला ऑपरेशनच्या वेळी ऑक्सिजन, सलाइन आणि ऊब यांची खास काळजी घ्यावी लागते. शेवटच्या क्षणी कळलं तर ऑपरेशन रद्द होतं.

फुप्फुसाच्या व्यायामासाठी तीन छोट्या चेंडूंचं श्वासाचं यंत्र मिळालं की बरेच जण त्यात फुंकतात. फुंकायचं नाही. नळी तोंडात धरून श्वास हळूहळू आत ओढायचा, चेंडू वर धरून ठेवायचे. आठवडाभर आधीपासून सराव केला तर नंतर छातीत कफ साठत नाही.

महिना कोणता धरावा

डॉक्टर तारीख देतात, शेत वेगळी तारीख मागतं. अडकण्याची लक्षणं असतील तर शेताचा विचारच करू नका. पण निवांत ठरवायचं असेल तर माझ्या मते जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारी हा काळ सगळ्यात बरा. कापसाची वेचणी आटोपत आलेली असते, पूर्वेकडे धान घरात आलेलं असतं. तिथून जड कामाविना तीन महिने मोजले की मे संपतो, म्हणजे जूनच्या पेरणीला माणूस उभा राहू शकतो. चणा-गव्हाच्या काढणीचं मात्र आधीच दुसऱ्या कुणाला तरी सांगून ठेवावं लागेल. एप्रिल-मेमध्ये केलं तर पंचेचाळीस डिग्रीच्या उन्हात पट्ट्याखाली घाम, घामोळ्या, जखम ओली. दिवाळीच्या तोंडावर केलं तर सोंगणी संपली तरी वेचणी समोर उभी, आणि घरात बसलेली बाई आठव्या दिवशी ओटी बांधून वावरात दिसते.

पैसे आणि कागद

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत एकत्र चालतात, कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे. अंगीकृत रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. रेशन कार्ड आणि आधार घेऊन आधी त्याच्याकडे जा आणि तीन प्रश्न विचारा: माझ्या हर्नियाचं ऑपरेशन इथे योजनेत बसतं का, पूर्वमंजुरीला किती दिवस लागतील, जाळीचा खर्च धरलेला आहे का. हेल्पलाइन 155388. रेशन कार्डावर नाव चुकलेलं असेल, लग्नानंतर सुनेचं नाव चढलेलं नसेल, तर ते तहसीलमधून आधी दुरुस्त करा. भरती झाल्यावर या कागदासाठी नवऱ्याची धावपळ होते आणि यादीतला नंबर जातो.

सर्जनलाही विचारा: भोक किती सेंटिमीटरचं, उघडं करणार की दुर्बिणीनं, जाळी कुठल्या थरात बसवणार. दुर्बीण म्हणजे नेहमी चांगलंच असं नाही. मोठ्या हर्नियाला उघडं ऑपरेशनच योग्य ठरतं.

नंतरचे तीन महिने

उठताना सरळ बसायचं नाही. कुशीवर वळा, पाय खाटेखाली सोडा, हाताच्या जोरावर उठा. खोकला आला की घडी केलेली चादर पोटावर दोन्ही हातांनी दाबून धरा. डॉक्टरांनी सांगितलं की दुसऱ्या दिवसापासून चालायला लागा. पडून राहिलं तर पायाच्या शिरांत रक्ताची गाठ होण्याचा धोका वाढतो. पट्टा उभं असताना बांधा, आत सुती बनियन ठेवा, रोज धुवा. किती दिवस बांधायचा ते सर्जन सांगतील.

पहिले सहा आठवडे चार-पाच किलोवर काहीही उचलायचं नाही, जड काम तीन महिने नाही. हे ऐकायला सोपं वाटतं, म्हणून घरातली वजनं सांगते. पाण्यानं भरलेला गुंड पंधरा किलोच्या घरात जातो. सोळा लिटरचा फवारणी पंप भरला की वीस किलोच्या वर, बॅटरीचा असला तरी तेवढाच. हापशी मारताना वजन उचललं जात नाही, पण सगळा जोर पोटावर येतो. वेचणीत कमरेला बांधलेली ओटी दुपारपर्यंत भरत जाते आणि तिचा भार नेमका व्रणावर लोंबतो. त्या हंगामात कापूस वेचायचाच झाला तर थोडा-थोडा वेचून पोत्यात टाका, ओटी भरू देऊ नका, तेही तीन महिन्यांनंतर. लहान मूल रडत आलं तर वाकून उचलायचं नाही, आपण खाली बसायचं आणि त्याला मांडीवर चढू द्यायचं. शौचाला जोर करावा लागत असेल तर औषध मागून घ्या. जमलं तर काही दिवस भोक पाडलेली खुर्ची वापरा.

पाणी कोण भरणार, ढोरांना चारा कोण टाकणार, हे भरती व्हायच्या आधी घरात बसून ठरवा, नाव घेऊन ठरवा. "पाहून घेऊ" म्हटलं की शेवटी तीच बाई गुंड उचलते.

काही दिवसांनी ऑपरेशनच्या जागी मऊ, पाण्यासारखी सूज आली तर घाबरू नका. जाळीभोवती पाणी साचतं, बहुतेकदा आपोआप जिरतं. दाखवायला जा, पण गावात सुई टोचून पाणी काढून घेऊ नका. त्या सुईनं जाळीपर्यंत पू पोचू शकतो. जखम लाल, गरम, वाहती झाली किंवा ताप आला तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

डिस्चार्जच्या दिवशी कार्डावर जाळीचा प्रकार, तिचं माप आणि ती कुठल्या थरात बसवली हे लिहून मागा. पुढे कधी सीझर, अपेंडिक्स किंवा पोटाचं दुसरं ऑपरेशन करावं लागलं, तर सर्जनला कुठून चिरायचं हे त्या ओळीवरून ठरवता येतं. कार्डाचा मोबाइलवर फोटो काढा, एक झेरॉक्स आशाताईंकडे ठेवा, आणि मूळ कागद रेशन कार्डाच्या प्लास्टिकमध्ये घालून ठेवा.